पाच-पाच ते पाच-बारा

मंगळवारी विमानाची तिकिटं स्वस्त होतात असं ऑरिनला कुणीतरी सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात मंगळवारला उपासाच्या वाराची कळा आली. सकाळी उठून तो दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, आणि दोन कप काळी कॉफी पोटात गेल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. मग कंप्युटरसमोर बसून चष्मा नाकावर ओढायचा आणि म्हणायचा, "बघू, आज काय म्हणतात."

जणू पलीकडे कुणी माणूस बसलाय आणि तो काही म्हणणार आहे.

ऑरिन माझा नवरा. एकतीस वर्षं तो अमेरिकेतल्या डुलुथच्या बंदरावर, धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर होता. मालगाडीतून गहू उतरला की वजन, बोटीत ओतला की वजन. काटा थरथरायचा थांबल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही त्याची शिस्त. तो निवृत्त झाला. काटा तिकडेच राहिला, शिस्त घरी आली. विमानाच्या भाड्याचा काटा थरथरायचा कधीच थांबत नाही, हे त्याला कळत नव्हतं. किंवा कळत होतं, आणि म्हणूनच तो बटण दाबत नव्हता.

आम्हाला लिस्बनला जायचं होतं. आठवडाभर फक्त. तीन वर्षं झाली, आम्हाला लिस्बनला जायचंच होतं.

मी टपाल वाटते. सव्वीस वर्षं माझी एकच बीट: टेकडीवरचे सात रस्ते, चारशे बारा दारं, आणि प्रत्येक रस्त्याच्या शेवटी, मान वळवली की, सरोवर. हिवाळ्यात बर्फावर घसरू नये म्हणून बुटांच्या तळाला लोखंडी काटे बांधून चालावं लागतं. चालताना मी मनातल्या मनात ओळी जुळवते. पावलाला ताल लागतो, दम लागत नाही.

पहिलं माझं दार गं, हिरव्या कवाडाचं,
पत्र दूरगावाचं, दुसऱ्याच्या नावाचं.

ते हिरवं दार नोर्बेर्तो फारिन्या नावाच्या म्हाताऱ्याचं होतं. तरुणपणी तो परदेशी बोटीवर खलाशी होता. बोट गहू भरायला इथे लागली, तो पाय मोकळे करायला उतरला, आणि परत काही चढला नाही. का ते त्याने कधी सांगितलं नाही; मीही विचारलं नाही. आमच्याकडे असलं विचारत नाहीत. हवामान विचारतात.

त्याला दर महिन्याला लिस्बनहून बहिणीचं पोस्टकार्ड यायचं. तिचं नाव युलालिया. तिने मासळीच्या कारखान्याच्या कचेरीत जन्मभर परदेशाशी पत्रव्यवहार केलेला, आणि भाऊ पोर्तुगीज विसरला असेल या रागाने म्हणा की भीतीने म्हणा, ती त्याला इंग्रजीत लिहायची. कार्डावर निळ्या फरशांची चित्रं. मागे चार ओळी. "आज अंजिरं आली. तू नाहीस म्हणून पुरली." "समोरच्या बाईने कोंबडा पाळलाय. त्याला घड्याळ कळत नाही." पोस्टकार्ड मी वाचत नाही असं सांगणारा टपालवाला खोटं बोलतो. मी सगळी वाचली. दारात पोचेपर्यंत वाचून व्हायची.

आणि म्हातारा दारात उभा असायचा. उणे वीस असो, उणे तीस असो, सपाता घालून. "आज काही नाही, मिस्टर फारिन्या," म्हटलं की म्हणायचा, "मी टपालासाठी नाही उभा. हवा बघतोय."

एका नोव्हेंबरात तो खुर्चीतच गेला. पुढच्या महिन्यात कार्ड आलं. नियम असा की मृताच्या नावाचं टपाल शिक्का मारून परत पाठवायचं. मी शिक्का मारला. आणि नियमात नाही ते केलं: शिक्क्याखाली बारीक अक्षरात लिहिलं की तुमचे बंधू शांतपणे गेले, आणि तुमच्या कार्डासाठी ते रोज दारात उभे राहायचे, हवा बघतोय म्हणून सांगायचे.

तीन आठवड्यांनी कचेरीत एक कार्ड आलं. पत्ता: माझ्या भावाच्या घरी टपाल आणणारी व्यक्ती, डुलुथ. "तो दारात उभा राहायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने तर नाहीच. तुम्ही या. कॉफी करते. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय, तो कसा उभा राहायचा, हात कुठे ठेवायचा."

तेव्हा ती अठ्ठ्याऐंशीची होती. मी तिला उत्तर लिहिलं: "येते." ते "येते" तीन वर्षांचं झालं होतं आणि ती एक्क्याण्णवची.

पहिल्या वर्षी भाडं माणशी पाचशे चाळीस डॉलर होतं. "पाचशेच्या आत येणार," ऑरिन म्हणाला. "जरा दम धर." मी दम धरला. ते सहाशे झालं, मग नऊशे. रजा आली, आणि आम्ही गाडी काढून थंडर बेला गेलो. तिथे मी दोन दिवस पाण्याकडे बघत बसले. सरोवर तेच, फक्त पलीकडून.

दुसऱ्या वर्षी त्याने शिकागोहून आइसलँड, तिथे चौदा तास मुक्काम, मग दुसऱ्या कंपनीच्या विमानाने पुढे, असं एक गाठोडं जुळवलं. पाचशे तीन डॉलर. "तीन डॉलरसाठी थांबतोस?" मी म्हटलं. "तीन डॉलरसाठी नाही गं. आत्ता तीनवर आलंय म्हणजे उतरतंय." ते उतरलं नाही. आइसलँडची ती कंपनीच बुडाली. ऑरिन विजयी चेहऱ्याने आला. "बघ! घेतलं असतं तर?" मी त्या आठवड्यात त्याच्याशी फक्त हवामान बोलले.

आमच्या कचेरीत रजेचा तक्ता जानेवारीत फिरतो. नोकरीत जो सर्वांत जुना, त्याच्या हातात आधी. तो आपला आठवडा खोडतो, पुढच्याला देतो. एकदा खोडलं की खोडलं. वर्षभर बदल नाही. माझा नंबर चौथा. माझ्या आधी लव्हॉन, माझ्या शेजारच्या खणावर टपाल लावणारी, जिभेला हाड नसलेली बाई.

"काय गं मार्लिस, यंदा कुठला आठवडा वाया घालवायचा?" तिने तक्ता माझ्याकडे सरकवला.

"मेचा. पाच ते बारा. शनिवार ते शनिवार."

"थंडर बेला तेव्हा माश्या नसतात. बरं निवडलंस."

मी पेन्सिलीने नाही, शाईने खोडलं.

घरी येऊन ऑरिनला सांगितलं. "हा आठवडा. हा नाही तर पुढचं वर्ष. आणि ती एक्क्याण्णवची आहे, ऑरिन."

"माहितीय."

"माहितीय म्हणू नकोस. माहिती असलेला माणूस तिकीट काढतो."

"काढणारच आहे. फसून कशाला काढायचं?"

जानेवारी गेला. मग मला कळलं की तिकिटाच्या शिकारीचंही एक शास्त्र आहे, आणि त्यात माझा नवरा पारंगत होत चाललाय. एकाच कंप्युटरवरून पुन्हा पुन्हा बघितलं तर कंपनीला कळतं की याला गरज आहे, आणि भाव चढतो. म्हणून तो लायब्ररीतल्या कंप्युटरवर जाऊन बघायचा. लायब्ररीत त्याला ओळखायला लागले, तर तो पुलापलीकडच्या दुसऱ्या गावातल्या लायब्ररीत जायला लागला. पेट्रोलचा हिशेब मी विचारला तर म्हणाला, "तो वेगळा." कधी भाडं चारशे दिसायचं, आत गेलं की बॅगेचे वेगळे, शेजारी बसायचे वेगळे, आणि आणखी कसलेसे, ज्याचं नाव वाचून उलगडा होत नाही असे वेगळे. शेवटी सातशे. "या भावात फक्त दोन जागा शिल्लक" असं लाल अक्षरात तीन आठवडे तेच दिसत होतं. त्या दोन जागा कुणी घेईना, आम्हीही घेत नव्हतो.

"त्या आपल्याच आहेत," मी म्हटलं. "आपली वाट बघून त्यांची पाठ अवघडली."

"घाई करायला लावतात गं. त्यांचा धंदाच तो."

आमच्याकडे कुणाच्या घरी जेवायला गेलं की ताटातला केकचा शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. एक जण त्याचा अर्धा करतो, दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी नखाएवढा तुकडा ताटात सुकतो. ऑरिनचं भाड्याशी तेच चाललं होतं. अर्ध्याचा अर्धा, त्याचाही अर्धा.

त्याचं आणखी एक तत्त्व होतं. ज्या देशाची कंपनी, त्या देशाच्या भाषेत तिची साइट उघडायची. गावातल्या माणसाला भाव कमी सांगतात. म्हणून आमच्या स्वयंपाकघरातल्या कंप्युटरवर पोर्तुगालच्या एका छोट्या कंपनीची साइट पोर्तुगीजमध्ये उघडी असायची. त्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. कुठलं बटण कुठे आहे ते पाठ होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी युलालियाचं कार्ड आलं. निळ्या फरशीवर एक जहाज. "जिना आता उतरत नाही. बाजार शेजारीण आणते. खिडकी आहे, ती पुरते. तुम्ही कधी?"

मी ते कार्ड ऑरिनच्या कीबोर्डवर ठेवलं. त्याने वाचून ते बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी नक्की उतरेल."

त्या क्षणी मला असं वाटलं की ओव्हनमधलं बटाट्याचं हॉटडिश काढून त्याच्या डोक्यावर पालथं करावं. आमच्याकडे तसं करत नाहीत. मी ते वाढलं, आणि तो म्हणाला, "वाईट नाही." याहून मोठं कौतुक आमच्या गावात होत नाही.

ओलांडू कशी पाणी, नाव नाही हाती,
भाव खाली येती, पुन्हा वर जाती.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी मला सुट्टी होती. ऑरिन सकाळीच बर्फावर मासे धरायला गेला होता. गोठलेल्या सरोवराला भोक पाडून गळ टाकायचा आणि बसायचं. त्याचा जन्मच वाट बघण्यासाठी झालाय. मी कॉफी घेऊन कंप्युटरसमोर बसले. साइट उघडीच होती. शिकागो ते लिस्बन. बटणं कुठली ते मला त्याच्या खांद्यावरून बघून बघून माहीत होतं. तारखांच्या चौकटीत मी टाइप केलं. जायचं ५/५, यायचं ५/१२. मेची पाच, मेची बारा. माणसं दोन.

साइटने विचार केला. गोल फिरलं. आणि आकडा आला. माणशी चारशे सत्याऐंशी.

मी तो तीनदा वाचला. पाचशेच्या आत! तीन वर्षं ज्याची वाट बघितली तो आकडा, गुरुवारी, मंगळवारी नाही. मला ऑरिनला फोन करावासा वाटला. पण मला माहीत होतं तो काय म्हणेल. "उतरतंय. थांब."

मी क्रेडिट कार्ड काढलं आणि तिकीट घेतलं.

नाव दोनदा चुकलं. पण घेतलं. बाहेर छपरावरच्या बर्फाच्या पागोळ्या गळत होत्या. मला वाटलं, एवढंच होतं? एवढ्याशा बोटाच्या कामाला तीन वर्षं?

रविवारी त्याचा वाढदिवस होता. तोवर सांगायचं नाही असं मी ठरवलं. तिकिटं छापून लिफाफ्यात घालून, लिफाफा केकच्या ताटाखाली. खरं सांगायचं तर प्रेम अर्धं होतं, अर्धा होता टोमणा. बघ, तुला तीन वर्षांत जमलं नाही ते मला कॉफी गार व्हायच्या आत जमलं, हे मला केकसोबत त्याला खाऊ घालायचं होतं. शुक्रवारी सकाळी कचेरीत जाताना युलालियाला कार्डही टाकलं, आमच्या पुलाचं चित्र असलेलं. "तिकिटं काढली! ५/५ ते ५/१२. कॉफी तयार ठेवा."

रविवारी केक कापला. ऑरिनने लिफाफा उघडला. चष्मा ओढला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आधी भुवया वर गेल्या. मग त्याने आकडा बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं हा आता रडतो.

"चारशे सत्याऐंशी," तो हळूच म्हणाला. "मार्लिस. चारशे सत्याऐंशी."

"हो."

"कुठल्या वारी?"

"गुरुवारी."

"गुरुवारी!" त्याने मान हलवली. "वाईट नाही. अजिबात वाईट नाही." मग तो उठला, माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि परत बसून कागद वाचायला लागला. पावती असो की औषधाची चिठ्ठी, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. मी केक वाढत होते.

"शनिवार ते शनिवार ना गं?"

"शनिवार ते शनिवार."

"मग हे वेगळं का?" त्याने कागद माझ्याकडे फिरवला. "जायच्या तारखेपुढे बारीक अक्षरात 'साब' आहे. यायच्या तारखेपुढे 'क्वा'. सात दिवसांनी वार तोच येतो. अक्षरं तीच पाहिजेत."

"पोर्तुगीज आहे ते. असेल काहीतरी."

"वार दोन नसतात कुठल्याच भाषेत." तो बोटाने ओळ धरून बसला होता. जुन्या काट्यावर धरायचा तसा. मग बोट थांबलं.

"मार्लिस. तू तारीख कशी टाकलीस?"

"कशी म्हणजे? पाच-पाच, पाच-बारा."

मग अगदी सावकाश, जणू कुणाला लागू नये म्हणून, म्हणाला, "तिकडे दिवस आधी लिहितात गं. महिना नंतर. पाच-पाच म्हणजे मेची पाच, ती बरोबर आहे. पाच-बारा म्हणजे पाच डिसेंबर."

मी सुरी खाली ठेवली.

"आपण मेमध्ये जातोय," ऑरिन म्हणाला, "आणि डिसेंबरात येतोय."

तेव्हा मला दुसरीच गोष्ट आठवली, आणि ती या गोष्टीपेक्षाही जास्त लागली. युलालियाच्या कार्डांवर डाव्या कोपऱ्यात तारीख असायची. ३/७ लिहिलेलं कार्ड जुलैत यायचं. मी म्हाताऱ्याला दारात सांगायचे, "मार्चमध्ये टाकलेलं आत्ता पोचतंय, मिस्टर फारिन्या. तुमच्याकडचं टपाल म्हणजे गोगलगाय." कधी पंचवीस आकडा आधी दिसला तर वाटायचं, म्हातारीचा हात घसरला. तो दरवेळी हसायचा. मला वाटायचं माझ्या विनोदाला हसतोय. नऊ-दहा दिवसांत कार्ड येत होतं. सव्वीस वर्षं टपाल वाटणारी बाई मी, आणि तारीख वाचता येत नव्हती. त्याने मला एकदाही दुरुस्त केलं नाही.

"रद्द करता येतं?" मी विचारलं.

"येतं की." ऑरिनचा चेहरा उजळला. "काढल्यापासून चोवीस तासांत रद्द केलं तर सगळे पैसे परत. गुरुवारी म्हणालीस ना..." आणि तो थांबला. रविवार होता.

मला त्याने ओरडायला हवं होतं. तीन वर्षं मी याच माणसाला भित्रा म्हटलं, कवडीचुंबक म्हटलं, एकदा तर त्याच्या बहिणीसमोर. आता त्याची पाळी होती. तो म्हणाला, "केक छान झालाय," आणि आणखी एक घास खाल्ला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, आणि नळाच्या आवाजात त्या लाल अक्षरांना, त्या गोल फिरणाऱ्या चक्राला, पोर्तुगालला, पोपला, आणि सर्वांत जास्त स्वतःला, जे काही येतं ते सगळं बोलून घेतलं.

"काय म्हणतेस?" बाहेरून आवाज आला.

"हवा बघतेय!"

कंपनीला फोन लावला. पाऊण तास नुसतं संगीत वाजलं. मग एक मुलगी आली. तारीख बदलायची तर दंड, आणि वर आजच्या भावातला फरक. दोन्ही मिळून नव्या तिकिटाहून जास्त. मी तिला सगळं समजावून सांगितलं, की आमच्याकडे महिना आधी लिहितात. ती म्हणाली, "हो का? का बरं?" आणि मी फोन ठेवला.

आणि मग, देवा, ते पुन्हा सुरू झालं. आता जाण्याचं नाही, येण्याचं. मेच्या बारा तारखेचं, फक्त एका बाजूचं, लिस्बनहून घरी. ऑरिन सोमवारीच कंप्युटरवर बसला. मंगळवारी इस्त्रीचा शर्ट. "एका बाजूचं नेहमी महाग असतं. पण एप्रिलमध्ये उतरेल."

"ऑरिन."

"पोर्तोहून बघतो. बसने पोर्तोला जायचं, तिथून..."

"ऑरिन, बारा तारखेपर्यंत मला लिस्बनमध्ये असायचंय आणि सोमवारी कामावर. नाहीतर नोकरी जाईल."

"जाणार नाही. उतरतंय."

मार्च असा गेला. पुलापलीकडची लायब्ररी. माद्रिदहून, डब्लिनहून, कुठल्याशा बेटावरून. एका मंगळवारी चारशे दहा होतं, पुढच्या मंगळवारी पाचशे साठ. मी चालताना ओळी जुळवणं सोडून दिलं. पाऊल पडायचं, ताल लागायचा नाही. कुणी विचारलं, "मग, लिस्बन?" की मी म्हणायचे, "जायचं ठरलंय." यायचं ठरलं नाही, हे कोणाला सांगणार?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आम्ही खणांपुढे टपाल लावत होतो. शेजारून लव्हॉनचा आवाज आला, असा की अख्ख्या खोलीचे हात थांबले.

"मार्लिस टवाइट! सात महिन्यांची रजा तुला कुणी दिली गं?"

तिच्या हातात कार्ड होतं. निळ्या फरशीवर चिमण्या.

"माझं टपाल वाचतेस?"

"पोस्टकार्ड आहे. न वाचून कुठे ठेवू? आम्ही इथे दोन आठवड्यांसाठी एकमेकींचे केस उपटतो, आणि ही बाई डिसेंबरपर्यंत!" मग तिने पुन्हा कार्डाकडे बघितलं, आणि तिचा आवाज खाली आला. "घे बाई. तूच वाच."

मी घरी आणून ते टेबलावर ठेवलं. ऑरिनने चष्मा ओढून वाचलं, मोठ्याने, सावकाश.

"प्रिय मार्लिस, मे ते डिसेंबर! मी दोनदा वाचलं, मग शेजारणीकडून वाचून घेतलं, माझे डोळे फसवत नाहीत ना म्हणून. मला वाटलं होतं तुम्ही एक दिवस याल, कॉफी प्याल, जाल. मागची खोली तीस वर्षं कपाटांनी भरली होती. ती मोकळी केली. शेजारणीच्या मुलाने रंग दिला. गादी उन्हात टाकलीय. डिसेंबरात इथे बर्फ पडत नाही, घाबरू नका. तुमच्या नवऱ्याला मासे चालतात का? युलालिया."

ऑरिनने कार्ड खाली ठेवलं. उलटं करून चिमण्या बघितल्या. पुन्हा सुलटं केलं.

"रंग दिला," तो म्हणाला.

"हो."

"एक्क्याण्णवची बाई. कपाटं हलवली."

मी टेबल पुसायला घेतलं. बोलले असते तर रडले असते किंवा त्याला मारलं असतं, आणि दोन्हींपैकी कुठलं ते मला ठरवता येत नव्हतं.

तो उठून कंप्युटरपाशी गेला. मी म्हटलं, आता हा मंगळवार कधी आहे ते बघणार. त्याने खुर्ची ओढली, टाइप केलं, थांबला. "इकडे ये," म्हणाला. "तारीख वाच."

मी खांद्यावरून वाकले. "मेची बारा."

"अक्षरात लिहिलीय का?"

"अक्षरात आहे. मे."

"वार?"

"शनिवार."

"माणसं?"

"दोन."

आकडा खाली होता. पाचशे नव्वद, माणशी, एका बाजूचे. मी तो बघितला आणि ऑरिनने माझ्या आधी बघितला होता. मग त्याने बटण दाबलं. एकदम नाही, बोट ठेवलं, आणि मग दाबलं.

"झालं," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "पुढच्या आठवड्यात उतरलं असतं."

"गप्प बस."

"बरं."

मला वाटलं होतं, हे झालं की आनंद होईल. तीन वर्षं मी याच आवाजाची वाट बघितली, त्या एका टिचकीची. पण टेबलावर ते कार्ड होतं. आता त्या बाईला कुणीतरी कळवायला हवं होतं की सात महिने नाही, सात दिवस. खोली रंगवली ती सात दिवसांसाठी. आणि ते कळवणं माझं काम होतं, कारण चूक माझी होती.

मी पुलाचं चित्र असलेलं दुसरं कार्ड काढलं. "प्रिय युलालिया, आमच्याकडे महिना आधी लिहितात," एवढं लिहिलं आणि खोडलं. तिला काय करायचंय आमच्याकडे काय करतात ते? दुसरं कार्ड घेतलं. "चूक झाली." फाडलं. तिसऱ्यावर बराच वेळ काहीच लिहिलं नाही.

"लिही सरळ," ऑरिन सिंकपाशी भांडी विसळत म्हणाला. "नाहीतर ती बाई डिसेंबरसाठी ब्लँकेटं विणायला घेईल."

"तू लिही."

"मला काय येतंय? मी फक्त आकडे लिहिले जन्मभर."

मी लिहिलं. "पाच मे ते बारा मे. सात महिने नाही, सात दिवस. मी तारीख चुकीची लिहिली, माफ करा. सातही दिवस आम्ही त्याच खोलीत राहू, तुमची हरकत नसेल तर. हॉटेल बघणार नाही." मग जागा उरली. तेवढ्याशा जागेत हेही लिहावंसं वाटलं की तुमच्या भावाला मी कित्येक वर्षं गोगलगायीचा विनोद सांगत होते आणि तो हसायचा. पण ते मावेना; ते तोंडानेच सांगावं लागणार होतं.

"आणि माशांचं," ऑरिन म्हणाला.

"काय माशांचं?"

"तिने विचारलंय ना? चालतात म्हणून लिही. रोज चालतात."

मी ते कडेला, तिरपं लिहिलं.

दोन दिवस ते कार्ड माझ्या पिशवीत फिरलं. टपालवाली बाई मी, हातात चारशे बारा दारांचं टपाल, आणि वाटेतल्या प्रत्येक पेटीपाशी थांबून मी ते कार्ड काढायचे आणि परत ठेवायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत ते जाणाऱ्या टपालाच्या ट्रेमध्ये टाकलं आणि माझ्या खणाकडे वळले.

मागे लव्हॉनने ते उचललेलं मला दिसलं. तिने वाचलं. कडेचं तिरपं वाचायला कार्ड फिरवलं. नीट सरळ करून परत ट्रेमध्ये ठेवलं.